मामाजींचा लोटा

माझे सासरे डोमाजी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही तोंडाने नाही, पितळेच्या लोट्याने. नऊ दिवस रोज सकाळी त्यांचं हे खोटं चालू होतं आणि मी, सातवी पास, देवळीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत होते. वर्गातल्या चाळीस मुलींची लबाडी मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखते. घरातल्या म्हाताऱ्याची मला ओळखता आली नाही, याचा राग मला अजून आहे.

हे अठ्ठावन्न साली चैत्रात घडलं. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. माझा नवरा मधुकर हिंगणघाटला मिलमध्ये होता, तो फक्त रविवारी यायचा. बाकी सहा दिवस घरात मी आणि मामाजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. ते ओसरीवर, मी आत, मधे दार. शाळेत डोक्यावरचा पदर खाली यायचा, घराच्या उंबरठ्याशी पुन्हा वर जायचा. जेवण वाढलं, पाणी तापलं, एवढंच आमचं बोलणं, आणि तेही दाराआडून.

फक्त संध्याकाळी हे दार उघडायचं. नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून मामाजींनी हट्ट धरला होता की आता अंगठा लावायचा नाही, सही करायची. मग मी पाटी घेऊन समोर बसायची आणि ते पेन्सिल कुदळीसारखी मुठीत धरून 'डो' काढायचे. पस्तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबलेला तो हात. दर दोन दिवसांनी एक पेन्सिल मोडायची आणि मी शाळेतल्यासारखी ओरडायची. तेव्हा मात्र ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

त्यांच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. आधीच्या पौषात ते इतके कण्हत की शेजारची माणसं येऊन ओसरीवर नुसती बसून राहायची. शेवटी गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काळ्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्यात अफू आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण गोळीने जादू केली. मामाजी बसू लागले, भाकर मागू लागले, महिन्याभरात 'डोमाजी' लिहू लागले. मला वाटलं, चला, जेवढे दिवस आहेत तेवढे तरी सुखाचे जातील.

आणि मग त्यांनी ताट परत पाठवायला सुरुवात केली.

मी म्हटलं, आजार वाढला. भाकर जड जात असेल म्हणून दूधभात दिला, साबुदाणा दिला, मऊ खिचडी दिली. म्हणजे पोट आणखी अडून बसायला जे जे लागतं, ते ते मी स्वतःच्या हाताने त्यांना घातलं. पोटाची शंका मला आलीच नाही, कारण लोटा.

आमच्या घरची रीत अशी की पहाटे सुनेने लोटा भरून ओट्यावर ठेवायचा. मामाजी काठी टेकत कुंपणाबाहेर नाल्याकडे जायचे आणि परत येऊन रिकामा लोटा त्याच जागी ठेवायचे. मी तो घासून पालथा घालायची. भरून गेला, रिकामा आला, विषय संपला. ना कोणी विचारायचं, ना कोणी सांगायचं. सासूबाईंनीही हीच रीत पाळली होती आणि त्यांच्या सासूनेही.

मग कण्हणं पुन्हा सुरू झालं. मी मनातल्या मनात डॉक्टरांना लाखोली वाहिली, गोळ्या पातळ केल्या असतील म्हणून.

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. परसात धुणं वाळत घालताना माझं लक्ष दोडक्याकडे गेलं. दोन वेल होते. विहिरीजवळच्या वेलाला मी रोज पाणी घालायची, तरी तो उन्हाने मान टाकून होता. आणि कुंपणाजवळच्या वेलाला, जो मी फाल्गुनातच मेला म्हणून सोडून दिला होता, हिरवीगार पानं आणि दोन पिवळी फुलं. मुळाशी ओल होती. लोट्याच्या बुडाचा गोल ठसा चिखलात उमटला होता आणि बाजूला काठीची टोकं.

मी तशीच ओल्या हातांनी ओसरीवर गेले. दाराआड थांबायचं भानही राहिलं नाही.

"मामाजी, कुंपनाजवळच्या दोडक्याले पानी कोन घालून राह्यलं?"

ते भिंतीला टेकून बसले होते. मान वर केली नाही.

"वाळून राह्यला होता बिचारा," ते म्हणाले. "पानी वाया काऊन घालवा?"

खोटं बोलतानाही म्हाताऱ्याने पाणी वाया जाऊ दिलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्हींचा मला राग येत होता.

"किती दिवस झाले?"

"वेलाले?"

"वेलाचं नाई इचारत मी."

ते काठीने जमिनीवर रेघा ओढू लागले. मग म्हणाले, "नऊ."

"अन् गोळ्या?"

त्यांनी कमरेची तंबाखूची चंची सोडली आणि माझ्यापुढे ठेवली. तंबाखूत काळ्या गोळ्या होत्या. मी मोजल्या, अकरा.

"गोळी घेतली का पोट दगडावानी होते," ते म्हणाले. "नाई घेतली का हाड पेटते. मंग म्या हाड निवडलं. हाडाचं दुखनं चार मानसांत सांगता येते. लोक येतात, बसतात, पाठीवर हात ठेवतात. याचं काय सांगू? कोनाले सांगू?"

"मले सांगता येत नव्हतं?"

"तू सून आहे, बाई."

एक माणूस माझ्यापासून चार हातांवर अकरा गोळ्यांचं दुखणं सोसत होता, फक्त मी सून होते म्हणून. मी पदर खोचला.

"सून आहे तं आहे. पन आधी मी मास्तरीन आहे. चाळीस पोरींची पोटं मले ठाऊक आहेत. आता डॉक्टरकडे जातो, तुमी गपचूप बसजा."

दवाखान्यात गर्दी होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, कारण थांबले असते तर धीर गेला असता. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "गोळी दिली त्याच दिवशी सांगायला हवं होतं. अफूने दुखणं झोपतं, तसं आतडंही झोपतं. मळमळ, झोप, हे बाकीचं सवयीनं कमी होतं. आतड्याची झोप जात नाही. गोळी आहे तोवर रोज त्याला उठवावं लागतं."

"म्हनजे गोळी कमी करायची?"

"अजिबात नाही. गोळी चालूच राहील, आणि रोज रात्री सोनामुखीच्या पानांचा काढा. गोळीसारखाच नेमाने, अडलं तरच नव्हे. दोन दिवस झालं नाही तर मला कळवायचं, मी पानं वाढवीन. पाणी भरपूर. दूधभात बंद, भाकर आणि पालेभाजी सुरू. इसबगोल वगैरे कोणी सांगेल, ते नको, आतड्यात हालचाल नसताना ते तिथेच फुगून बसेल. आणि त्या मांडीने त्यांना नाल्याकाठी उकिडवं बसवू नका."

पण आधी नऊ दिवसांचं काढायचं होतं. कंपाउंडर चिंधू एनिमाचं भांडं घेऊन माझ्यासोबत आला. आमच्या वर्ध्याकडे एनिमाचं कोणाला नवल नाही, आश्रमाने निसर्गोपचारापायी तो घरोघरी पोचवला आहे. तरी मामाजींनी भिंतीकडे तोंड केलं. मी शेजारणीकडे जाऊन बसले आणि चिंधूने हाक मारेपर्यंत तिच्या तुरीतले खडे वेचत राहिले. तासाभराने परत आले तेव्हा मामाजी घामाघूम झोपले होते. महिन्याभरात असा शांत चेहरा मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधुकर आला. मांडीमुळे उकिडवं बसायचं नाही म्हणे, एवढंच मी त्याला सांगितलं. त्याने परसात खड्डा खणला, वर जुन्या बाजेचं लाकूड कापून बसायला फळ्या ठोकल्या, भोवती बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला. आता नाल्यावर जायचं काम उरलं नाही. पण रोजचं मला कळणार कसं, हा प्रश्न उरलाच. लोट्यावर माझा आता भरवसा नव्हता, आणि तोंडाने ते सांगणार नव्हते.

मी पाटी आणली. एका बाजूला 'हो' काढलं, दुसऱ्या बाजूला 'ना'.

"बोलू नका. लिहा. मी शाळेत जातानी पाहीन, तुमच्यापुढे नाई पाहनार."

त्यांनी पाटी मांडीवर ओढली. "अन् खोटं लिहिलं तं?"

"तं दोडका सांगन मले."

मामाजी हसले. माझ्यासमोर पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी पाटी ओट्यावर होती, लोट्याच्या जागी. त्यावर वाकड्यातिकड्या रेघांनी 'ना' लिहिलं होतं. मंगळवारी पुन्हा 'ना'. तुम्हाला वाटेल मी घाबरले. मी त्या 'ना'कडे पाहून ओट्यावरच बसले आणि रडले. 'हो' लिहून मला फसवणं किती सोपं होतं. मी शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी पानं वाढवली, आणि बुधवारी 'हो' आलं. एवढं मोठं की पाटीवर दुसरं काही मावलं नसतं.

मग ते रोजचं झालं. हाडातली गाठ जिरली नाही, वाढतच होती, पुढे गोळ्या दोनाच्या चार झाल्या आणि काढाही त्या मापाने वाढला. कधी 'ना', बहुतेक 'हो'. पण चंचीत पुन्हा एकही गोळी सापडली नाही. आषाढात त्यांनी शाळेच्या एका कागदावर माझा पालक म्हणून सही केली, गरज नव्हती तरी. ते भाकर मागून खायचे, झोपायचे, संध्याकाळी माझ्याशी नवीन अक्षरांवरून भांडायचे. दार उघडंच राहू लागलं होतं.

भादव्यात एक दिवस ते खाटेवरून उठलेच नाहीत. त्या दिवशी सकाळी पाटी ओट्यावर नव्हती. मी ओसरीवर त्यांच्या खाटेशी गेले. पाटी त्यांच्या छातीवर होती, पेन्सिल बोटांत, आणि श्वास संथ चालला होता. दुपारी ते गेले, न कण्हता.

पाटीवर रोजच्या एका शब्दाऐवजी एक पूर्ण ओळ होती, वर चढत गेलेली. मी त्यांना ती कधीच शिकवली नव्हती.

'आज ना. पन दुखत नाई.'

संध्याकाळी निरोप मिळून मधुकर आला आणि पाटी पाहून त्याने विचारलं, हे काय आहे. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, लोट्यापासून.