सहा जूनची बेरीज

डॉक्टरांनी मिनेकोला महिनाभर तोंडातून शब्द काढायला बंदी केली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त घाबरलो तो मी. ऑपरेशन तिच्या गळ्याचं होतं, पण घसा माझा कोरडा पडला.

मिनेको, माझी बायको, आमच्या वरच्या खोलीत मुलांना अबॅकस शिकवते. या वर्गाला वाचणारा लागतो. वाचणारा मोठ्याने आकडे वाचत जातो आणि मुलं चौकटीतले मणी सरकवत बेरीज करतात. सुरुवात "विनंती आहे की" अशी करायची, कारण समोर सात वर्षांचं पोर असलं तरी त्याला हुकूम करायचा नाही. शेवटच्या आकड्याआधी "अखेर" म्हणायचं, म्हणजे आता संपत आलं हे मुलांना कळतं. आणि नवं गणित सांगताना आधी "पुसून" म्हणायचं, म्हणजे मुलं सगळे मणी जागेवर आणून चौकट रिकामी करतात. या बाबतीत मिनेको फार कडक. बाईंनी सांगितल्याशिवाय पुसायचं नाही, मग घराला आग लागली तरी.

इतकी वर्षं असं वाचून वाचून तिच्या गळ्यात गाठी झाल्या होत्या. त्या काढल्या ते बरंच झालं. पण सहा जून तोंडावर आला होता.

इथे जपानात आम्ही बोटं मिटत मिटत मोजतो. पाचाला मूठ बंद होते आणि सहाला पहिल्यांदा एक बोट उभं राहतं, करंगळी. म्हणून सहाव्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या सहा तारखेला मुलाला काही शिकायला घातलं की ते स्वतःच्या पायावर उभं राहतं, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. त्या दिवशी आया आपापली मुलं घेऊन वर्ग बघायला येतात. मोठ्या मुलांचे हात वाचणाऱ्याच्या आवाजाबरोबर एकदम चालताना दिसले, की लहानग्यांचे डोळे चमकतात आणि आया नाव घालतात.

आमच्या वर्गात मुलं उरली होती चारच. त्यातली थोरली, चिनात्सु, येत्या वसंतात वरच्या शाळेत जाणार होती.

मिनेकोने स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहिलं, "तुम्ही वाचा."

मी म्हणालो, "अगं, मी? लोक उठून जातील."

तिने पुसून पुन्हा लिहिलं, "न वाचलं तर येणारच नाहीत. या वर्षी कोणी आलं नाही तर वर्ग बंद."

खाली तिने एक रेघ ओढली. मिनेको रेघ ओढते ती बोलणं संपलं म्हणून.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. वाचणं हेच माझं काम, पण मनातल्या मनात. मंडईत मी बांगडा मागतो आणि कोळी जे हातात देईल ते घेऊन घरी येतो. चारचौघांत वाचायचं या विचाराने मला झोप येईना. शेवटी रोज आंघोळीच्या वेळी टबात बसून तालीम करू लागलो.

आमच्या खालच्या मजल्यावर तोकुएबाईंचं टोफूचं दुकान आहे. चौथ्या दिवशी त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "कुवाहारासान, काल न्हाणीघरात कुणावर एवढे येन उधळत होता?"

"तालीम," मी पुटपुटलो.

"काय?"

"तालीम... वाचनाची."

"अहो, त्या दिवशी असंच बोलणार का? माझा टोफू तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलतो!"

मागे मिनेको उभी होती. तिला हसायलाही बंदी होती, म्हणून ती नुसती खांदे हलवत राहिली.

सहा जूनला दुपारी जिन्याखाली बुटांची चांगली रांग लागली. पाच-सहा आया आल्या होत्या, आणि एकीचा नवरा. टपाल कचेरीतल्या सेगावाबाई आपल्या सायोला घेऊन आल्या होत्या. सायो आईची बाही घट्ट धरून तिच्या पाठीमागे अशी बसली होती, की मला तिच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. मलाही बसायला तीच जागा आवडली असती.

मिनेकोने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, गळ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. पुढे चिनात्सु, तिच्या शेजारी गोरो आणि कुबोता बंधू, असे चौघे चौकटी समोर ठेवून बसले होते.

गोरो मागे वळून म्हणाला, "आजोबा, जोरात हां. कुबोता बहिरा आहे."

"तूच बहिरा," धाकटा कुबोता म्हणाला.

मी पुस्तक उघडलं. "विनंती आहे की," मी म्हणालो, आणि आवाज खरंच बाहेर आला. "दोन हजार चारशे अठरा येन, आणि नऊशे पाच येन, आणि तीन हजार सहाशे बहात्तर येन..." मणी खडखड वाजू लागले. मला इतकं बरं वाटलं की मी आयांकडे मान वर करून पाहिलं. ते करायला नको होतं. "आणि एक हजार एकशे तीस येन, आणि आठशे सेहेचाळीस येन."

मी थांबलो. कोणी हात वर केला नाही. चौघांची बोटं मण्यांवर तशीच अधांतरी होती आणि चौघेही माझ्याकडे बघत होते. मागे एका बाईने हळूच घड्याळ पाहिलं.

मला वाटलं, यांना ऐकूच आलं नाही. "माफ करा," मी म्हणालो, आणि घाम पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "विनंती आहे की, दोन हजार चारशे अठरा येन..." या वेळी मी ओरडलोच म्हणा ना. शेवटच्या ओळीशी आल्यावर आठवलं, आणि "अखेर, आठशे सेहेचाळीस येन!" असं म्हणून मी पुस्तक मिटलं. मघाशी हेच राहिलं होतं. म्हणून बिचारी वाट बघत होती.

चार हात एकदम वर झाले.

"चिनात्सु," मी म्हणालो.

"सतरा हजार नऊशे बेचाळीस येन."

बाकीचे तिघे म्हणाले, "तेच!"

मी पुस्तकाच्या मागे पाहिलं. तिथे उत्तर होतं आठ हजार नऊशे एकाहत्तर. उत्तर बरोबर आलं की "अचूक!" म्हणायचं असतं. मला ते म्हणता येईना. चौघांचीही चूक, तीही एकसारखी?

"नाही," मी अगदी हळू म्हणालो. "आठ हजार नऊशे एकाहत्तर आहे."

आया एकमेकींकडे बघू लागल्या. सेगावाबाईंनी पिशवी जवळ ओढली. वर्ग बंद, असं मी मनाशी म्हणालो. आणि तोही माझ्यामुळे.

तेवढ्यात चिनात्सु हसली. "आजोबा, दुप्पट आहे! सतरा हजार नऊशे बेचाळीसचं निम्मं आठ हजार नऊशे एकाहत्तरच." हे सांगताना तिने मण्यांना हातसुद्धा लावला नाही. "तुम्ही दुसऱ्यांदा वाचलंत तेव्हा 'पुसून' म्हणालाच नाहीत. मग आम्ही त्यातच मिळवलं."

"बाई म्हणतात सांगितल्याशिवाय पुसायचं नाही," गोरो म्हणाला. "मला वाटलं, आजोबांना पैसे कमी पडतायत."

पहिल्यांदा तो एकटा नवरा मोठ्याने हसला, मग सगळी खोली. मिनेको तोंडावर रुमाल धरून भिंतीला टेकली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझे कान इतके तापले होते की टोपी असती तर घातली असती. पण मी वाकून म्हणालो, "चूक माझी. तुमचं बरोबर. अचूक!" आणि हे मी फार मोठ्याने म्हणालो, मलाही नवल वाटलं.

"परत करा ना," कोणीतरी म्हणालं.

सायो आईची बाही सोडून पुढे, कुबोता बंधूंच्या मध्ये येऊन बसली होती.

मग मी परत वाचलं, "पुसून" म्हणून. आणि आणखी बरीच गणितं वाचली.

त्या दिवशी वर्गात तीन नावं नोंदली गेली. तीन म्हणजे फार नाहीत, पण वर्ग बंद करायला ती नक्कीच जास्त आहेत. निघताना सेगावाबाई जिन्यात घुटमळल्या. "सर," त्या म्हणाल्या. मला कोणी सर म्हणत नाही. "सायोचं काही चुकलं की ती रडायला लागते, मग दिवसभर बोलत नाही. सुलेखनाला घातलं होतं, तिथून काढावं लागलं. आज मी निघालेच होते. पण तुमची मुलं चुकीचं निम्मं करून मोकळी झाली, आणि तुम्हीही... म्हणून नाव घातलं."

मी वाकलो, बराच वेळ वाकलेलाच राहिलो, आणि वर पाहिलं तोवर त्या गेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात सायोचा पहिला धडा होता. मिनेकोने तिच्या मागे बसून तिला चौकट सपाट कशी ठेवायची, मधल्या पट्टीवरून बोट फिरवून मणी कसे सारखे करायचे ते दाखवलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

"विनंती आहे की," मी म्हणालो, "एक येन, आणि अखेर, एक येन."

सायोने अंगठ्याने एक मणी वर ढकलला, मग दुसरा. हात वर केला. "दोन येन."

मिनेकोचे, सायोचे, त्या चार मुलांचे, टपाल कचेरीतल्या त्या बाईंचे, सगळ्यांचे उपकार मला एकदम आठवले आणि पुढचा शब्द म्हणायचा राहूनच गेला. सायोचा हात वरच होता. बघता बघता तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"चुकलं का, आजोबा?"

"नाही गं!" मी जवळजवळ ओरडलो. "अचूक! अगदी अचूक!"