खाली उतरलेली सभा

वॉर्डाची सभा कचेरीच्या वरच्या मजल्यावर भरायची आणि शिंपीणकाकूंचे गुडघे दुसऱ्याच पायरीवर हात टेकायचे. म्हणून दरवेळी त्या आपलं म्हणणं काकांबरोबर धाडत. बोळातला बंद दिवा, गटाराचं फुटकं झाकण, सगळं नीट पढवून. पण काकांचा स्वभाव असा, की गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय हेसुद्धा ते टेपलाच सांगू देत. सभेत मागच्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसत आणि घरी येऊन म्हणत, "सांगितलं. बघू म्हणाले."

या वेळी मात्र प्रश्न दवाखान्याचा होता. कोपऱ्यावरचा दवाखाना हमरस्त्यापलीकडे हलवायचं घाटत होतं. काकू रोज भिंत धरत धरत तिथे जात, गुडघे शेकून घेत. धावत्या गाड्यांमधून त्या पलीकडे जाणार कशा? शेकणं सुटलं असतं तर त्यांनी अंथरूणच धरलं असतं. हे काकांनाही कळत होतं. तरी मागच्या सभेतही ते गप्पच बसून आले होते.

तेवढ्यात नव्या नगरसेविकेने फर्मान काढलं: ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्यासाठी सभाच खाली उतरेल. बोळात खुर्च्या मांडल्या गेल्या. काकू पुढेच बसल्या आणि दवाखाना का हलवू नये, ते त्यांनी खणखणीत सांगितलं.

"हे आधी का नाही कळवलंत, काकू?" नगरसेविकेने विचारलं. "मागच्या सभेत तर कुणाचीच हरकत नव्हती."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "राहून गेलं माझ्याकडून."

आपली चूक बायकोने स्वतःच्या अंगावर घेतलेली काकांना सोसवेना. ते उभे राहिले. "तिच्याकडून नाही. ती सांगून पाठवायची, मीच बोलायचो नाही." आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबतात कसले! दवाखाना, दिवा, झाकण, वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. शेवटी काकूंनीच त्यांचा सदरा ओढला. "बसा आता. बाकीच्यांनाही बोलू द्या की."

भराभर हात वर झाले. दवाखाना कोपऱ्यावरच राहिला.

घरी जाताना काकूंनी काकांच्या खांद्याचा आधार घेतला होता.

"रागावलीस?" काकांनी हळूच विचारलं.

"मला ठाऊक होतं. 'सांगितलं' म्हणताना कधी माझ्याकडे बघायचा नाहीत तुम्ही."

"मग दरवेळी मलाच कशाला पाठवायचीस?"

"म्हटलं, एखाद्या वेळी बोलाल."