कंडक्टरबाईंची झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, झाडांना पाणी घालायची. माझ्या पोटाला दोन पोचे आहेत, मूठ एका बाजूला कलली आहे आणि तोंडाच्या जाळीची निम्मी भोकं बुजली आहेत. पण उरलेल्या निम्म्या भोकांतून अजून बोलता येतं, तोवर बोलून घेते.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या ठाकठोकीत झाला. हा माणूस बोलायला रुक्ष, पण कामाला चोख. वस्तू घडवून झाली की तो तिच्यात काठोकाठ पाणी भरायचा, ती वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि जेवायला निघून जायचा. परत आल्यावर कागद कोरडा असेल तरच ती वस्तू दुकानात टांगली जायची. माझ्याखालचा कागद दोनदा ओला झाला. तिसऱ्यांदा तो कोरडा निघाला, तेव्हा पत्रेवाला बायकोला म्हणाला की ही आता माझ्यापेक्षा जास्त जगेल. माझी पहिली स्तुती ती हीच.

मला विकत घेतलं एका कंडक्टरबाईंनी. त्या शहरातल्या बसवर कामाला होत्या. पाळी सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला घेतलं आणि बसमध्ये पुढच्या सीटवर ठेवलं. एका म्हाताऱ्या प्रवाशाने थट्टेने विचारलं की या पाहुणीचं तिकीट कोण काढणार? बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी अर्धं तिकीट फाडलं, आपल्या पाकिटातले पैसे बॅगेत टाकले आणि तिकीट माझ्या मुठीत खोचलं. अशा बाईच्या घरी आपण चाललो आहोत, याचा मला तेव्हाच अभिमान वाटला.

घर लहानसं, पण दोन बाजूंनी बाग. पुढच्या खोलीच्या खिडकीखाली गुलाब, शेवंती, सदाफुली आणि रंगीबेरंगी झिनिया. मग बाग घराला वळसा घालून मागच्या दाराकडे जायची, आणि तिथे एकटा, ऐसपैस मोगरा. नोकरी लागली त्या वर्षी बाईंनी तो लावला होता. त्या झाडांशी प्रवाशांसारख्याच बोलायच्या. शेवंतीची गर्दी झाली की म्हणायच्या, "मागे सरका, मागे जागा आहे." मग चार रोपं उचलून खरंच मागे लावायच्या. ये-जा करणारे लोक फाटकाशी थांबून फुलं बघायचे. माझ्याकडे कुणी बघत नसे, पण माझं काम चोख चाललं होतं.

बाईंच्या यजमानांचं केशकर्तनालय होतं, दोन खुर्च्यांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. बाई पहाटे पाचला घर सोडायच्या, मास्तर रात्री नऊला दुकान बंद करायचे. एक मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, पण दोघं निवांत बोलत बसलेली मी कधी पाहिली नाहीत. 'चहा गाळून ठेवलाय', 'गॅस संपत आलाय' अशा चिठ्ठ्यांवर त्यांचा संसार सुखाने चालला होता.

पुढे घरात रबरी पाइप आला. तो नळाला लावला की बसल्या जागी बाग भिजायची. मग माझी रवानगी जिन्याखाली झाली. कुणीतरी माझ्यात जुने खिळे टाकले. कोळ्याने माझ्या तोंडाला जाळं विणलं. बुडाला गंज चढला. किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही. जिन्याखाली सगळी वर्षं सारखीच दिसतात.

मग तो उन्हाळा आला. बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. स्टुलावर चढून त्या एक वेल बांधत होत्या, स्टूल कलंडलं आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि बजावलं की दोन महिने हा पाय जमिनीला लावायचा नाही, पण पडल्या पडल्या व्यायाम मात्र रोज करायचा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. बाईंचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला.

त्याच सुमाराला नळाला पाणी एक दिवसाआड आणि तेही करंगळीएवढ्या धारेनं येऊ लागलं. पाइपात ते चढेना. तेव्हा मास्तर जिन्याखाली वाकले आणि त्यांचा हात माझ्या मुठीवर पडला. त्यांनी खिळे ओतले, कोळ्याला बाहेरची वाट दाखवली, गंजून बुडाला पडलेलं भोक मेणबत्तीच्या मेणानं बुजवलं आणि मला भरलं.

मित्रांनो, मास्तरांना झाडातलं ओ का ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी भर दुपारी बारा वाजता मला उचललं आणि गुलाबाच्या पानांवर धार धरली. खिडकीतून आवाज आला, बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा, की उन्हात पाणी घालू नका, पानावर घालू नका, मुळाशी घाला आणि सावकाश घाला. मास्तर मुकाट्याने मला घेऊन सावलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली कात्री आणि कंगवा आणून गुलाब छाटायला घेतला. कंगव्याने फांदी वर उचलायची आणि कात्रीने टोक उडवायचं. बाई पडल्या पडल्या बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की कानावरून जरा जास्तच बारीक होतंय का? आणि दोघंही हसली. त्या खिडकीतून मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

त्यानंतर रोज सकाळी मास्तर दुकान उघडायच्या आधी आणि संध्याकाळी मुद्दाम लवकर बंद करून बागेत यायचे. भाजी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं माझ्यात गाळून घ्यायचे. हाताला फोड आले तेव्हा मुठीला गिऱ्हाइकाच्या मानेचा पांढरा कपडा गुंडाळला. काम करता करता ते खिडकीशी बोलत राहायचे. कुणाच्या डोक्यावर किती केस उरले ते सांगायचे. बाई बसमधल्या गोष्टी सांगायच्या. तीस वर्षांचं तुंबलेलं बोलणं त्या एका खिडकीतून वाहू लागलं.

पण खरी परीक्षा पुढे होती. उन्हाची एक लाट आली आणि पाणीपुरवठ्याचा पंप जळाला. तीन आठवडे नळ कोरडे. कोपऱ्यावर पाण्याची गाडी यायची आणि दर घराला चार बादल्या मिळायच्या. पिण्याला, स्वयंपाकाला, बाईंच्या अंघोळीला एवढं काढून ठेवलं की बागेसाठी कशीबशी एक झारी उरायची.

त्याच दिवसांत बाईंनी धीर सोडला. पाय दुखायचा, उकाडा सोसेना. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. व्यायाम बंद झाला. जेवण निम्म्यावर आलं. फक्त मास्तर बागेत आले की त्यांची मान खिडकीकडे वळायची. झिनियाला नवी कळी दिसली की उठून बसायच्या, आणि बसल्या की मास्तर म्हणायचे, आता बसलीच आहेस तर पायही दहा वेळा उचल.

नळ कोरडे पडले त्या पहिल्या दिवशी मास्तर मला हातात घेऊन घराच्या कोपऱ्यावर उभे राहिले. एका बाजूला खिडकीसमोरची बाग, दुसऱ्या बाजूला मोगरा. एक झारी दोन्हीकडे वाटली तर दोन्हीकडचं जाईल, एवढं त्यांना आता कळत होतं. ते बराच वेळ उभे होते. मग ते खिडकीकडे वळले. पुढचे वीस दिवसही ते तिकडेच वळले. मागच्या बाजूला मोगऱ्याची पानं आधी गळपटली, मग पिवळी पडली, मग वाळून गळाली. मला ते दिसत होतं, पण झारीला काय, भरेल तो सांगेल तिकडे ओतायचं.

बाई रोज विचारायच्या, मोगरा कसा आहे? मास्तर रोज सांगायचे, झकास आहे. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की कसा दिसतो, ते मी जवळून पाहिलं. एवढं बोलून ते मला गरज नसताना घासत बसायचे. पुढे एकदा तर त्यांनी फुलवालीकडून मोगऱ्याचं टपोरं फूल आणलं, माझ्या जाळीवर ठेवलं आणि खिडकीतून आत दिलं. म्हणाले, आपल्या झाडाचं. बाईंनी ते फूल बोटांनी हळूच उलगडून पाहिलं, नाकाशी धरलं, आणि छान आहे म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता वीस वेळा पाय उचलला.

पंप दुरुस्त झाला, पण मोगऱ्याला उशीर झाला होता. मास्तरांनी त्याला रोज दोन झाऱ्या पाणी घातलं. एकही पान फुटलं नाही.

मुलगी आईला भेटायला आली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मोगऱ्याच्या वाळलेल्या काटक्या बघून ती तिथेच थांबली. तिने वडिलांना बोलावून घेतलं आणि हळू आवाजात, पण चांगलीच रागावली. आईने स्वतःच्या हाताने लावलेलं झाड, आणि तिला कळवायचंही नाही?

मास्तर म्हणाले, "ती उठून बसायची ती त्या चार फुलांसाठी. मोगरा गेला असं सांगितलं असतं, तर ती पुन्हा भिंतीकडे वळली असती."

"आणि आता चालत इथे आली म्हणजे?"

"चालत आली, तर मग तिला मला काय बोलायचं ते बोलू दे."

 मुलीने माझ्यातलं उरलेलं पाणी वडिलांच्या हातावर ओतलं आणि पदराने त्यांचे हात पुसले.

दोन महिने पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. चार पायांचा तो वॉकर घेऊन बाई पलंगापासून दारापर्यंत, दारापासून अंगणापर्यंत चालू लागल्या. पाय आखडला नव्हता. डॉक्टरांनी शाबासकी दिली. आता मागे जाऊ, असं बाई म्हणाल्या की मास्तरांना दर वेळी नवं कारण सुचायचं. कधी फरशी निसरडी असायची, कधी ऊन फार, कधी वॉकरचं रबर सैल. पाचव्या दिवशी बाई काही न बोलता वॉकर घेऊन निघाल्या. मास्तर मला हातात घेऊन मागून गेले, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं, कारण मी रिकामी होते.

कोपरा ओलांडून बाई मोगऱ्यासमोर थांबल्या. फांदीवर नख ओढून पाहिलं. आत हिरवं काही नव्हतं.

मास्तर म्हणाले, "मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही आणलेलं फूल भरगच्च पाकळ्यांचं होतं. आपला मोगरा एकेरी. त्याच दिवशी कळलं."

मास्तर पायरीवर बसले. मीही त्यांच्या शेजारी टेकले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही उरलेलं पाणी इकडे आणलं असतं आणि तिकडचंही गेलं असतं. बस भरली की थांब्यावरची माणसं मागे ठेवावी लागतात. कंडक्टरला का वाईट वाटत नाही? पण घंटी तिलाच मारावी लागते." बाईंनी मोगऱ्याची एक वाळकी काटकी मोडली. "या वेळी ती तुम्ही मारलीत. मला प्रत्येक नव्या कळीकडे बघून पाय उचलायचा होता, आणि तुम्हाला सकाळ-संध्याकाळ येताना बघायचं होतं. म्हणून गप्प राहिले."

मास्तरांनी तोंड फिरवलं. गिऱ्हाइकाच्या मानेचा तो पांढरा कपडा माझ्या मुठीला होताच, तो त्यांना डोळे पुसायला कामाला आला.

मग बाईंनी सांगितलं की झाड मुळापासून काढा. मास्तरांनी कुदळ आणली. काम वेळ घेणारं होतं, मुळं खोल गेली होती. बाई वॉकर धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. खड्डा मोकळा झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता इथे तुम्हाला हवं ते लावा. एवढ्या वर्षांत तुम्हाला कोणतं फूल आवडतं ते मी विचारलंच नाही."

मास्तरांनी बराच विचार केला. एवढा विचार त्यांनी कधी कुणाचे केस कापताना केला नसेल. "झिनिया," ते म्हणाले. "तू खिडकीत बसलेली असायचीस, तेव्हा आपल्या दोघांच्या मधे तीच दिसायची."

"ती वर्षभर टिकत नाही. दरवर्षी नव्याने पेरावी लागते."

"पेरीन की दरवर्षी," मास्तर म्हणाले, आणि मला भरायला नळाकडे घेऊन गेले.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्या घरात एखादी जुनी झारी असेल, तर काम झाल्यावर तिच्यातलं पाणी ओतून तिला उपडी ठेवा, म्हणजे बूड गंजणार नाही. तिच्यात खिळे टाकू नका. आणि बाग फुलली की फुलांचं कौतुक जरूर करा, पण ज्याच्या हातात झारी आहे त्याच्याकडेही एकदा नीट बघा. त्याने कुठल्या झाडाला पाणी दिलं ते सगळ्यांना दिसतं. कुठल्या झाडाला देता आलं नाही, ते तो एकटा मनात घेऊन फिरत असतो. त्याला जवळ बसवून विचारा. मला विचाराल तर मी सांगेन, पण त्याच्या तोंडून ऐकलेलं बरं.