लेस्टरचे हात

उत्तरेच्या थंड समुद्रातल्या कोडियाक बेटावर माणसाला एकदा नाव पडलं की ते त्याच्या थडग्यापर्यंत सोबत जातं. लेस्टर ग्रॅबिनला पडलेलं नाव होतं ‘लटपट्या’. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा धिप्पाड गडी बंदरात कुणाच्या बापाला भीत नसे. पण धनुष्य ताणलं आणि समोर जनावर आलं, की त्याचे हात त्याचे राहत नसत. एकदा हरणावर नेम धरताना त्याचा बाण इतका खडखडला, की हरणानं मान वर करून त्याच्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि मगच ते गेलं. ही हकीकत बंदरावरच्या बारमध्ये सांगितली ती त्याच्या सासऱ्यानं, मकार पेस्ट्रिकोफनं. सासराच साक्षीदार म्हटल्यावर जावई बोलणार काय?

“काळीज माझं वाघाचं आहे,” लेस्टर सांगत फिरे. “हातच तेवढे दगा देतात.”

मग एका हिवाळ्यात सरकारी सोडतीत त्याचं नाव निघालं. वसंतात एक तपकिरी अस्वल मारायचा परवाना! बेटावर लोक आयुष्यभर या सोडतीची वाट पाहतात. लेस्टरनं त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं, की तो अस्वल मारील तर धनुष्यानंच, आणि मग लटपट्या म्हणणाऱ्याचे दात घशात घालील.

आता बेटावरच्या धनुष्यवाल्यांचा नियम असा, की मागे एक जण भरलेली बंदूक घेऊन उभा राहतो. अस्वल अंगावर आलं तर तो गोळी घालतो. जीव वाचतो, पण ते अस्वल मग धनुष्यानं मारलेलं धरत नाहीत. बंदूक घेऊन मागे उभा राहायला मकार आपणहून तयार झाला. म्हातारा असा तमाशा सोडतोय होय!

लेस्टरनं इंटरनेटवर एका निवृत्त कर्नलचा वर्ग लावला. कर्नल कुठल्या सैन्यातला, ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण ओरडायचा झकास. “भीती म्हणजे आगंतुक पाहुणा! तिला कॉफी विचारू नका!” कर्नल पडद्यावरून ओरडे, आणि लेस्टर मासळीच्या टाकीत बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून श्वास मोजत असे. शेजारणींनी त्याच्या बायकोकडे, मरीनाकडे, चौकशी केली. “वेड नाही लागलेलं,” ती म्हणाली, “वर्ग लावलाय.”

मरीनाचेही हाल झाले. हातगाडीवर फोमचं अस्वल उभं करून ती दोरीनं ओढत अंगणभर पळायची आणि वर गुरगुरायची. “नीट गुरगुर की!” लेस्टर ओरडे. “तुझ्या बापाला बोलव गुरगुरायला,” ती म्हणे.

पण खोटं कशाला बोला, गुण आला. मे उजाडेपर्यंत लेस्टरचे हात दगडासारखे झाले. बारमध्ये त्यानं काठोकाठ भरलेला ग्लास तळहातावर घेऊन दाखवला. थेंब हलला नाही. लटपट्या हे नाव त्या दिवशी कुणी उच्चारलं नाही, आणि लेस्टर छाती काढून घरी गेला.

दुसऱ्याच आठवड्यात सासरा-जावई होडीनं एका निर्जन खाडीत उतरले. एका दुपारी किनाऱ्यावरच्या कोवळ्या गवतात अस्वल दिसलं. भलंमोठं, म्हातारं, कानाचा तुकडा गेलेलं. वारा समुद्रावरून तोंडावर येत होता. दोघं सरपटत झुडपामागे गेले. अस्वल चरत चरत इतकं जवळ आलं, की गवत तुटल्याचा आवाज येऊ लागला.

लेस्टरनं श्वास सोडला, धनुष्य ताणलं. हात? एक केसही हलला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं. अस्वलानं अंग फिरवलं आणि बरगड्या समोर धरल्या. मनगटाला बांधलेल्या, दोरी सोडायच्या खटक्यावर बोट टेकलेलं होतं. नुसतं दाबायचं.

बोट दाबेना.

ते थरथरत नव्हतं, आखडलं नव्हतं. लेस्टरलाच ते दाबायचं नव्हतं. बाण लागला की या जनावराला कळणार, की इथं झुडपामागे एक लेस्टर ग्रॅबिन आहे. आत्ता त्याला ते ठाऊक नाही, आणि हे किती छान आहे! त्याला घरी जायचं होतं. इतक्या साध्या शब्दांत ते त्याच्या मनात आलं, की त्याला लाज वाटली.

“जावईबापू,” मागून मकार कुजबुजला, “सोडा की आता! का त्याचं जेवण व्हायची वाट बघताय?”

लेस्टर ताणूनच राहिला. अस्वलानं निवांत गवत खाल्लं, ढुंगण खाजवलं आणि ओढ्याच्या बाजूला चालतं झालं. तेव्हा कुठं लेस्टरनं धनुष्य उतरवलं. इतका वेळ ताणून धरल्यानं त्याचे दंड भरून आले होते आणि बोटं लटलट उडत होती. त्यानं ती घाईघाईनं सासऱ्यासमोर धरली.

“बघा! बघा, पुन्हा तेच! हातांनी घात केला!”

मकारनं हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. “आत्ता कापतायत,” तो म्हणाला. “मघाशी नव्हते.”

दोघं होडीनं परत निघाले. बंदराचा धक्का दिसू लागला तसा लेस्टर कळवळून म्हणाला, “मकार, बारमध्ये विचारतील. हात कापले म्हणून सांगाल ना?”

“अरे, ते नाव पुसायलाच एवढा खटाटोप केलास ना? बर्फात बसलास, माझ्या पोरीला गाडीला जुंपलंस.”

“हात कापले म्हणूनच सांगा. पाया पडतो तुमच्या.”

म्हाताऱ्यानं समुद्रात थुंकून घेतलं. जन्मात पहिल्यांदाच त्याला जावयाची थट्टा सुचली नाही.

पण बारमध्ये त्यानं जावयाचं म्हणणं राखलं, आणि वर आपल्या पदरचंही घातलं. लेस्टर कसा हलत होता, त्याच्या हलण्यानं झुडूप कसं हललं, त्या झुडपाला भिऊन अस्वल कसं पळालं! लोक टेबलं बडवून हसले. “लटपट्या!” कोपऱ्यातून कुणीतरी आरोळी ठोकली.

“ओ!” लेस्टर चटकन म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता. शेजारी बसलेल्या मरीनानं पुढे सरकवलेला ग्लास त्यानं उचलला. हात अगदी स्थिर होता. ते ध्यानात येताच त्यानं मनगट जरा झटकलं आणि बरीचशी बिअर आपल्या सदऱ्यावर सांडून घेतली.