झेंडूला हात

मखमलाबादच्या शिवारात नवसाबाईचा झेंडूचा मळा, आणि त्या मळ्यात नवसाबाईचाच कायदा. पाळी आलेल्या बाईने फुलाला हात लावायचा नाही. फूल देवाच्या डोक्यावर जातं, विटाळाचा हात लागला तर बाग जळते, असं तिच्या सासूने तिला सांगितलं आणि तिने सुनेला, प्रतिभाला. आता दहावीतली नात निकिताही त्या कायद्यात आली होती. तेवढंच असतं तर चाललंही असतं हो. फुलं तोडायची नाहीत, तर तेवढंच पहाटे झोपायला मिळतं. पण निकिता पळायची, आणि आजीने पळण्यालाही तोच कायदा लावला, तिथे पंचाईत झाली.

पंधराशे मीटरला शाळेत तिच्या पुढे कुणी नव्हतं, तालुक्यातही नव्हतं. आता जिल्ह्याची शर्यत हिरावाडीच्या क्रीडासंकुलात होती, आणि पहिली येईल तीच विभागाला जाणार होती. पुढच्या वर्षी वयोगट बदलणार, कॉलेजच्या थोराड मुलींशी गाठ पडणार. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. आणि तारीख तरी कशी पडावी? नेमकी पाळीच्या दुसऱ्या दिवशी.

घरचे घाबरले होते, ते काही उगाच नाही. मागच्या महिन्यात पाळीत सरावाला गेलेली निकिता मैदानावर चक्कर येऊन पडली. मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणली. झालं, आजीला तेवढंच निमित्त पुरलं. पोरीची पिशवी सरकंल, जन्माचं वाटोळं व्हईल, असं तिचं दिवसभर चाललं. निकिताचे वडील महेश फूलबाजारात भल्याभल्यांशी भावावरून हुज्जत घालायचे, पण स्वतःच्या आईपुढे त्यांनी कधी ब्र काढला नाही. तेही म्हणाले, नाही पळाली एक शर्यत तर काय आभाळ कोसळतंय? सगळ्यात वाईट म्हणजे निकितालाही वाटायला लागलं, आजीचंच खरं असेल.

शेवटी शाळेच्या खेळाच्या शिक्षिका पूजा मॅडम यांनी तिला बाजूला घेतलं आणि त्या दिवशी काय खाल्लं होतंस ते विचारलं. मग एकेक बाहेर आलं. खाल्लं काहीच नव्हतं. पाणीही प्यायली नव्हती, कारण मैदानाजवळच्या बाथरूमला कायम कुलूप, मध्येच जावंसं वाटलं तर काय करा? वर डाग पडेल या धास्तीने एकावर एक दोन पॅड लावलेले, त्याने मांड्या सोलवटल्या. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

"बये, तुला पाळीने नाही पाडलं," त्या म्हणाल्या. "उपाशी पोटाने पाडलंय."

मग त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. पळून पिशवी-बिशवी काही सरकत नाही. उलट अंग हललं की पोटदुखी कमी होते, असा पुष्कळ जणींचा अनुभव आहे. न्याहारी करायची, पाणी घोट घोट पीत राहायचं, पॅड एकच लावायचं पण पळण्याआधी नवं, आणि वर गडद रंगाची अंगाबरोबर बसणारी शॉर्ट. अंग तापवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यायचा. आणि चक्कर आली, फार रक्त जायला लागलं, दुखणं सोसेना, तर मुकाट थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं, त्यात कसली लाज? एवढं सांगून मॅडम गेल्या ऑफिसात, तिथे चांगला आवाज चढवला आणि बाथरूमची किल्ली घेऊनच बाहेर आल्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी पाळी आली. निकिता पोटभर खाऊन सरावाला गेली, मॅडमबरोबर हलकं हलकं पळाली आणि हसत घरी आली. पण या घरात लपवायची सोय कुठे? दसरा तोंडावर आलेला, सगळं घर झेंडूत, आणि पोरगी बांधावर उभी. आजीने काय ते ओळखलं. उद्या कुठं जायचं नाय, म्हणाली, इषय संपला.

प्रतिभा क्रेटमध्ये फुलं भरत होती. लग्न होऊन आल्यापासून सासूपुढे मूग गिळून बसलेली बाई. तिने क्रेट खाली ठेवला.

"आत्याबाई, माझ्या त्या चार दिवसांत तुम्ही मला काय काम द्यायच्या?"

"काय म्हंजी? फुलात यायचं नाय, मग शेणखत वाहायचीस."

"भरल्या पाट्या, डोक्यावर, दिवस मावळेपर्यंत. तेव्हा माझी पिशवी नाही सरकली? आणि तुमच्या सासूने तुम्हाला वाहायला लावल्या, तेव्हा तुमची?"

नवसाबाई उठली आणि पलीकडच्या सरीत जाऊन एकटीच फुलं तोडत बसली.

सकाळी निकिता उठली तर चुलीपुढे आजी. ताटात गरम भाकरी, दूध, गूळ, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, पोट शेकायला.

"खाऊन जा," आजी तिच्याकडे न बघता म्हणाली. "उपाशी पळून माझं नाव घालवू नको."

शर्यत सुरू झाली तशी निफाडची एक लांब टांगांची पोरगी वाऱ्यासारखी पुढे गेली. निकिता मागे राहिली. दुसऱ्या फेरीत ओटीपोटात कळ आली आणि मागच्या महिन्याची भीती परत मानगुटीवर बसली. तिने वेग जरा कमी केला, लांब श्वास घेतला, स्वतःलाच विचारलं. चक्कर? नाही. अंधारी? नाही. पाय? पाय तर पळू दे म्हणत होते. पोट दुखतंय, दुखू दे, पाट्या वाहण्यापेक्षा हे हलकंच आहे, असं तिला वाटलं आणि पळता पळता हसू आलं. कळ ओसरली. शेवटच्या वळणावर निफाडची दमली, निकिता बाहेरून तिच्या बरोबरीला आली, पुढे गेली आणि तशीच सुसाट रेघ ओलांडून गेली. आनंद असा की रडू का ओरडू, तिला कळेना. मॅडमच दोन्ही हात वर करून नाचत होत्या.

गर्दीतून आजी येताना दिसली. मागे आई, बाबा. आजीच्या हातात मळ्यातल्या झेंडूचा हातभर जाड हार. निकिता सवयीने मागे सरली.

"आजी, नको ना. माझा दुसरा दिवस आहे."

"मला नाय ठाऊक? मीच शेकायला बाटली दिली का दुसऱ्या कुणी?"

आणि नवसाबाईने तो हार नातीच्या घामेजल्या गळ्यात घातला, वरून दोन्ही हातांनी दाबून नीट बसवला. निकिताने भीत भीत फुलांना हात लावला. प्रतिभाने पदर डोळ्यांना लावला. आजीचेही डोळे भरले होते, पण ती कसली दाखवते.

"लय नाचू नका," ती म्हणाली. "दसऱ्याला मजूर मिळना झालेत. उद्या पहाटं दोघी मायलेकी झेंडू तोडायला या. पळून आली म्हून काम माफ नाय."