विसालचा बाप

मुनझिर पहाटे गेला. ऊन वर यायच्या आत त्याच्या थोरल्या भावानं, शफीकनं, सैदा शहराच्या जुन्या बाजारात निधनाची पत्रकं डकवलीसुद्धा.

थोरली लेक विसाल बापाच्या पावाच्या भट्टीला कुलूप घालायला गेली, तेव्हा कोपऱ्यावरचं पत्रक तिनं वाचलं. 'अबू खलील अल्लाच्या घरी गेले.' खाली भाऊ, पुतणे, भाचे, सगळे नावानिशी. शेवटी 'आणि मुली', एवढंच.

अबू खलील म्हणजे खलीलचा बाप. पण खलील नावाचं मूल त्या घरात जन्मलंच नव्हतं. आजोबांचं नाव खलील, तेव्हा मुनझिरच्या मुलाचंही तेच, असं गल्लीनं त्याच्या लग्नाआधीच परस्पर ठरवून टाकलं होतं. झाल्या चार मुली. गल्ली हाक बदलेना, आणि मुनझिर त्या हाकेला ओ देईना.

एकदा, विसाल लहान असताना, घरचा खिमा भट्टीत भाजायला दिलेलं एक गिऱ्हाईक दारातून ओरडलं, "अबू खलील, माझा किब्बेचा ट्रे काढ, करपतोय!"

मुनझिर कणीक मळत राहिला. माणूस पुन्हा ओरडला.

"कुणाला हाक मारताय?"

"तुलाच की!"

"मी विसालचा बाप. खलील कुठं भेटला तर सांगतो त्याच्या बापाला."

ट्रे करपला. मुनझिरनं त्या माणसाला आपल्या घरचा किब्बे बांधून दिला, पण ओ दिली नाही.

चौथी झाली तेव्हा त्याची सासू कपाळाला हात लावून बसली. त्यानं मात्र मुघली, म्हणजे बाळ झाल्यावरची खीर, भलंमोठं पातेलं भरून शिजवली आणि दारोदार वाटली. "या वेळी मुलगा का?" कुणी विचारलं की म्हणायचा, "नाही. या वेळी बदाम जास्त घातलेत."

विसालनं पत्रक फाडलं आणि ती घरी आली. काका अंगणात खुर्च्या मांडून घेत होते.

"काका, हा कोण मेलाय?"

"विसाल, आज नको. बाप आत निजलाय तुझा."

"म्हणूनच विचारतेय. बाप माझा, आणि नाव भलत्याचं."

"लोक काय म्हणतील याचा विचार कर. निदान मेल्यावर तरी त्याला पुरुषासारखं जाऊ दे."

आई, हयात, दाराशी बसली होती. तिनं मान वर केली. "भावोजी, भट्टीवरून दमून आले तरी ते रोज चौघींच्या वेण्या घालायचे. पुरुषासारख्याच घालायचे. तुम्ही तुमच्या पोराच्या बुटाची नाडी तरी कधी बांधलीत का?"

काकांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

विसाल नवं पत्रक छापून घ्यायला गेली. छापखानेवाला डोकं खाजवत म्हणाला, "बायकांची नावं भिंतीवर? असं कुणी छापत नाही, ताई."

"तुमच्या लग्नाची बकरी आमच्या भट्टीत भाजली होती. तेव्हा बाबा म्हणाले होते का, असं कुणी भाजत नाही?"

त्यानं छापलं. 'अबू विसाल. विसाल, सुआद, रबाब आणि लमीस यांचे वडील.' बहिणींनी भट्टीवरच पिठाची खळ शिजवली आणि जुन्या पत्रकांवर नवी चिकटवली. एका चुलतभावानं दोन खरवडली. त्यांनी तिथं चार लावली.

दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघाला. बायकांनी घरी थांबायची रीत, पण चौघी मागोमाग चालू लागल्या. "मागे फिरा," कुणीतरी दरडावलं. धाकटी लमीस म्हणाली, "रस्ता नगरपालिकेचा आहे," आणि चालत राहिली. कब्रस्तानाच्या फाटकाशी मात्र विसाल थांबली. सुआदनं तिचा दंड धरून ठेवला. आत कुणी मातीत फावडं घातलं, तो आवाज चौघींनी उभ्यानं ऐकला. तिथून कुणी हलली नाही.

त्यानंतर काका घराची पायरी चढले नाहीत. चाळिसाव्या दिवशी आले, मान खाली घालून जेवले. भावाचं नाव त्यांनी कुठल्याच तऱ्हेनं घेतलं नाही. विसालनंही घ्यायला लावलं नाही. तिनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला, आणि जेवण झाल्यावर भट्टीच्या किल्ल्या घेऊन ती कामावर गेली.