वहीबाने हट्टाने घेतलेलं यंत्र

कॉन्स्टन्टीन शहरातल्या तांबट आळीत शेख तिजानी पन्नास वर्षं मालूफ, म्हणजे तिथलं जुनं शास्त्रीय गाणं, गात आले होते. त्यांच्या गळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून शिष्यमंडळींनी ठरवलं, की त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी आळीतल्या जुन्या सराईच्या चौकात शेखांनी एकदा मनसोक्त गावं.

"रेकॉर्डिंगचं मी बघते," असं वहीबा म्हणाली आणि सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. असं कधी होत नसे. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि आठ वर्षं शेखांकडे गाणं शिकत होती, पण गळा बेताचा. मागच्या रांगेत बसून टाळी धरण्यापलीकडे तिच्या वाट्याला काही येत नव्हतं.

यंत्र घ्यायला ती लखदरचाचांच्या दुकानात गेली. चाचांचा जन्म रेडिओ केंद्रावर आवाज सांभाळण्यात गेला होता. त्यांनी मुठीत मावेल एवढा एक रेकॉर्डर काउंटरवर ठेवला.

"नवशिक्याला हा पुरे. दोन्ही माइक यातच आहेत. सोबत छोटी तिपाई घे, वाऱ्यासाठी ही स्पंजची टोपी घे. आणि उरलेले पैसे हेडफोनवर घाल. आपण काय रेकॉर्ड करतोय ते कानाला कळायला हवं, पोरी."

वहीबाने तो उलटसुलट करून पाहिला. दाढी करायच्या मशीनसारखा दिसत होता. हे घेऊन चारचौघांत बसायचं? तिची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे लांब माइकचं, बटणाबटणांचं एक भारदस्त यंत्र होतं.

"ते कसं आहे?"

"उत्तम आहे. पण रोज वापरणाऱ्या माणसाचं आहे. तू आधी कधी असलं..."

"वापरलंय की!" वहीबा म्हणाली. साफ खोटं.

"बरं. मग हेडफोन?"

"घरी आहे." तेही खोटं. त्या यंत्रातच तिची सगळी शिल्लक संपली होती.

"आवाजाची पातळी कशी लावायची, दाखवू?"

"नको चाचा, माहितीये मला."

शुक्रवारी तिने ते यंत्र शेखांच्या ऊदच्या, म्हणजे मांडीवरच्या तंतुवाद्याच्या, अगदी पुढ्यात मांडलं. बटण दाबलं, शेखांनी तारा जुळवून पाहिल्या तसा लाल दिवा लुकलुकायला लागला, तिचा जीव भांड्यात पडला. लोक कौतुकाने बघत होते. शेखांनी सुरुवात केली. पहिलं पद रंगात येतंय तोवर तिला दिसलं, की पुढे बसलेली खाला झुलेखा फोन उंच धरून बसलीय. झुलेखा शेखांची शेजारीण, शिवणकाम करणारी.

"खाला, ठेवा तो!" वहीबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "फोनमध्ये नुसता कचरा येतो. मी आहे ना!"

लोक हसले. झुलेखाने चेहरा पाडून फोन पिशवीत टाकला. तिचं बघून इतरांनीही आपापले फोन आत ठेवले.

मग शेखांनी तीस वर्षांत न गायलेलं विरहाचं एक पद काढलं. आवाज चढत गेला, डफ तापला, म्हातारे तांबट धाय मोकलून रडले. लाल दिवा लुकलुकतच होता.

संध्याकाळी वहीबाने भाचीचा हेडफोन कानाला लावला. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. तिने पुढे सरकवून पाहिलं, आणखी पुढे, शेवटापर्यंत. सगळीकडे तीच तडतड. त्यामागे कुठेतरी शेख गात होते.

चार दिवस जो विचारेल त्याला ती सांगत राहिली, "साफ करतेय." पाचव्या दिवशी ती यंत्र घेऊन चाचांकडे गेली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"लाल दिवा लुकलुकत होता?"

"हो. मला वाटलं, चालू आहे म्हणून."

"आवाज मावत नाही, कमी कर, असं सांगत होता तो. माप भरून सांडलेलं परत नाही भरता येत. तुला माहीत होतं म्हणालीस ना?"

"नव्हतं माहीत. काहीच माहीत नव्हतं." तिला वर बघवेना.

"मला संशय आला होता," चाचा म्हणाले. "गिऱ्हाइकाचा मान ठेवला, ते चुकलंच माझं. पण शेखांना तूच जाऊन सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत."

ती तशीच शेखांच्या घरी गेली. ऑपरेशन होईपर्यंत डॉक्टरांनी त्यांना बोलायचीही बंदी केली होती. खाला झुलेखा सूप घेऊन आली होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वहीबाच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीही तिला लाज वाटली. तिने दोघांसमोर सगळं सांगितलं. दुकानातलं खोटंही सांगितलं.

"काहीच नाही?" शेखांनी कुजबुजत विचारलं.

"काहीच नाही, शेख. आणि इतरांचे फोन मीच बंद करायला लावले."

झुलेखाने पिशवीतून फोन काढला. "तू ओरडलीस त्याआधीची चार मिनिटं आहेत," ती म्हणाली. खोलीत ऊद वाजला, मग शेखांचा आवाज, जरा लांबून, पण स्वच्छ. आणि मध्येच वहीबाचा, कर्कश: "मी आहे ना!" त्यावर लोकांचं हसणं. मग बंद.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वहीबाला झालं. शेखांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि हाताने तिला जायची खूण केली.

ऑपरेशन नीट झालं, शेख वाचले. आवाज मात्र गेला. वहीबाने पुढच्या शिकवणीत उभं राहून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. कुणी रागावलं नाही, कुणी समजूतही घातली नाही. कुणीतरी जौझियाचं, अक्रोडाच्या मिठाईचं, ताट पुढे सरकवलं आणि दुसरा विषय काढला.

चाचांनी मोठं यंत्र परत घेऊन तिला छोटा रेकॉर्डर दिला, हेडफोनसकट. दोन महिने ती घरी नळाचा, रेडिओचा, रस्त्यावरच्या गलक्याचा आवाज धरून बघत राहिली. मग एका शिकवणीत भीत भीत शेखांना विचारलं, "तुम्ही आता ऊद शिकवता ते धरून ठेवू?"

 शेखांनी हात पुढे करून हेडफोन मागितला, कानाला लावला आणि एक तार छेडली. डोळे मिटून ऐकलं. दोन बोटांनी खूण केली, "अजून कमी." तिने कमी केलं. पुन्हा तार, पुन्हा खूण. पाचव्यांदा त्यांनी मान डोलावली, हेडफोन तिच्या हातात दिला आणि शिष्यांकडे वळले.